मंचुरियन तो, ती की ते?

मराठीत असा एकही शब्द नाही की ज्याचं लिंग मल्हार कोकरे सरांना सांगता येत नाही, ही गोष्ट भवानीनगरात सर्वमान्य होती. सरांना स्वतःला तर ती फारच मान्य होती. हायस्कुलात ते मराठी शिकवत. लग्नपत्रिका छापायला जाण्याआधी त्यांच्या डोळ्यांखालून जायची, श्रद्धांजलीचा फलक लागण्याआधी त्यांच्या दारात यायचा, आणि वेलांटी चुकलेली असली तर मयताच्या नातेवाइकांनाही सर बोलायला कमी करायचे नाहीत. त्यांचे आजोबा मेंढरं राखायचे, वडील ऊस लावायचे. घरात सगळे 'हाय' आणि 'न्हाय' बोलत असताना सर एकटेच 'आहे' आणि 'नाही' म्हणत मोठे झाले होते. एवढ्या कष्टाने कमावलेली भाषा माणूस जपतोच.

सत्त्याण्णव सालच्या दिवाळीनंतर एका संध्याकाळी सर बशीत चहा ओतून घेत होते. तेवढ्यात खाजाभाई दारात आला. खाजा पिंपरीला एका हॉटेलच्या भटारखान्यात होता. तिथली नोकरी सोडून तो बायको करिमासह गावी परतला होता. येताना एक अवाढव्य लोखंडी कढई आणि हातभर दांड्याचा डाव घेऊन आला होता. कारखान्याचा हंगाम सुरू व्हायच्या आत त्याला रस्त्याकडेला चायनीजचा गाडा लावायचा होता.

"सर, जरा घोटाळा झालाय," तो उंबऱ्यातूनच म्हणाला. "भिमा पेंटर बोर्ड लिहायला बसलाय. 'खाजा चायनीज सेंटर' लिहून झालं. खाली 'ताज' लिहिलं आन् ब्रश वर धरून मलाच इचारतोय, पुढं काना देऊ, येलांटी देऊ का मात्रा देऊ?"

"कशाच्या संदर्भात?"

"मंचुरियनच्या, सर. ताजा मंचुरियन, ताजी मंचुरियन, का ताजे मंचुरियन? मी म्हणलं, थांब, सरांस्नी इचारून येतो."

सरांनी बशी खाली ठेवली. हा शब्द त्यांनी बारामतीच्या स्टँडसमोर एकदा वाचला होता आणि ते एखाद्या होमिओपॅथीच्या औषधाचं नाव असावं असं समजून पुढे गेले होते. पण 'मला माहीत नाही' हे वाक्य व्याकरणदृष्ट्या कितीही शुद्ध असलं तरी सरांच्या तोंडून ते कधी निघालेलं नव्हतं.

"पदार्थाचं स्वरूप सांगा," ते म्हणाले.

"कोबी बारीक चिरायचा. मैदा टाकायचा. त्याचं गोळं करून तळायचं. मग आलं, लसूण, मिरची परतायची, काळा सॉस वतायचा आन् गोळं त्यात लोळवायचं."

"कोबी पुल्लिंगी, मैदा पुल्लिंगी, लसूण पुल्लिंगी, गोळा पुल्लिंगी," सर बोटांवर मोजत म्हणाले. "सगळे बापे एकत्र आल्यावर त्यातून बाई कशी निघेल? ताजा मंचुरियन. काना द्या."

"मिरची बाई आहे की, अहो," आतून मनिषाबाईंचा आवाज आला.

"मिरचीचं प्रमाण कमी आहे," सर म्हणाले आणि चहा प्यायले. विषय त्यांच्या दृष्टीने संपला होता.

विषय संपला असता तर बरं झालं असतं. पण सरांच्या शेजारी सर्जेराव राहत. सर्जेरावांची सगळी नोकरी कारखान्याच्या वजनकाट्यावर गेली होती. निवृत्त झाल्यावर उसाच्या गाड्या तोलायच्या राहिल्या, म्हणून ते आता माणसांची बोलणी तोलत. दुसऱ्या दिवशी सकाळी ते दात घासत घासतच कुंपणाशी आले.

"मास्तर, तुमी म्हणं 'ताजा' लिवायला सांगितलं?"

"हो. का?"

"आवं, तळलेली चीज हाय. म्हंजी भज्याची जात. भजी ताजी असती. ताजा म्हणलं की माज्या डोळ्याम्होरं तर घोडाच हुबा ऱ्हातोय."

"सर्जेराव, एक भजे, अनेक भजी. तुमचं भजंच मुळात नपुंसकलिंगी आहे," सर म्हणाले.

सर्जेरावांनी तोंडातली राख थुंकली. "माजं काय हाय ते मला म्हाईत हाय. पर बोर्डावर 'ताजा' बगून बाया हसत्यात."

ही मात्र अफवा नव्हती. पिठाच्या गिरणीत पायल्या घेऊन बसलेल्या बायकांनी तिसराच पक्ष काढला होता. त्यांचं म्हणणं, जे काय आहे ते अजून कुणी बघितलेलं नाही. मग ते 'ते'च. आपण म्हणतोच की, 'ते काय ते'. सलूनमध्ये 'तो' चालत होता, गिरणीत 'ते' आणि पानाच्या टपरीवर 'ती'. दोन दिवसांत गावात अशी अवस्था झाली की माणूस मंचुरियनबद्दल बोलायला लागला की तो कुठे दाढी करतो ते कळायचं.

सरांनी मग एक तडजोड सुचवली. तडजोड ही त्यांच्या आयुष्यातली मोठी चूक होती असं ते पुढे पुष्कळ दिवस म्हणत. खाजाकडे दोन प्रकार होणार होते, सुका आणि रश्शाचा. रश्शाला पिंपरीत ग्रेव्ही म्हणतात, आणि ग्रेव्ही ऐकताक्षणीच बाई वाटते. तेव्हा सुका असेल तर 'तो' आणि ग्रेव्हीत बुडाला की 'ती'.

"म्हंजी रश्शात पडल्यावर त्याची बाई हुती?" सर्जेरावांनी विचारलं.

"व्याकरणात होतं असं," सर म्हणाले. व्याकरणात असं काही होत नाही हे त्यांना पक्कं माहीत होतं.

भिमा पेंटरला या वादाशी देणंघेणं नव्हतं. तो निरोप येईल तसा ब्रश चालवत होता. 'ताजा'चा काना तसाच ठेवून त्याने वर वेलांटी काढली. गिरणीतून करिमाला कुणी बोललं म्हणून तिने मात्रा द्यायला लावली. मग सरांचा निरोप आला, म्हणून वेलांटी पुसून पुन्हा काढली. रंगावर रंग चढून त्या 'ज'च्या डोक्यावर असा काही पिसारा फुलला की दुरून बघणाऱ्याला ते अक्षर मराठी वाटेना. बावड्याहून आलेल्या एका पाहुण्याने तर खाजाला विचारलंच, "चायनीज अक्षर कुणाकडनं काढून आणलं?" भिमाची छाती त्या दिवसापासून दोन बोटं पुढे आली.

हे असं चाललं असतानाच पंचायतीच्या ना हरकत दाखल्याचं निघालं. खाजाचा अर्ज अर्थातच सरांनी लिहून दिला होता. मायना असा होता की वाचणाऱ्याने उभं राहूनच वाचावा. ग्रामसेवक आप्पासाहेबांनी तो बसून वाचला आणि 'मंचुरियन' या शब्दापाशी अडकले.

"चा, भजी, वडापाव यांस्नी मी परवानगी देतो," ते म्हणाले. "ही भानगड काय हाय मला ठावं न्हाय. उद्या कुणाच्या पोटात दुखलं तर माजी मान जाईल. तुमी इंदापूरला इचारून या."

खाजाचा चेहरा उतरला. मोळी टाकायचा दिवस जवळ आला होता. एकदा मोळी पडली, कारखाना सुरू झाला, ट्रॅक्टरची रांग लागली की त्याच दिवशी गाडा पेटायला हवा. उशीर झाला तर वडेवाले आणि भेळवाले गिऱ्हाईक बांधून घेणार. "हंगाम गेला तर उन्हाळ्यात काय गाड्यावर माशा मारू?" तो म्हणाला. "नोकरी सोडून आलोय, सर. गाड्याला पैसं करिमाच्या भावानं दिल्यात, त्याला आता कुठल्या तोंडानं सांगू?"

सरांना त्या क्षणी पहिल्यांदा जाणवलं की काना-मात्रेत गुंतून आपण या माणसाचा गाडा अडवून ठेवला आहे. निदान थोडासा. त्यांनी रजा टाकली. "तुम्ही चुलीचं बघा. इंदापूर मी बघतो," ते म्हणाले.

इंदापूरच्या ज्या कचेरीत सर गेले तिचं नाव घेण्यात अर्थ नाही. सरांनाही ती नक्की कशाची कचेरी होती हे शेवटपर्यंत कळलं नाही. व्हरांड्यात कुणीतरी बोट दाखवलं आणि ते त्या टेबलापुढे जाऊन उभे राहिले. टेबलामागच्या क्लार्कने अर्ज हातात घेतला.

"मंचुरियन. बरं. कशावर मारायचं?"

"मारायचं?"

"न्हाय, करप्यावर हाय का भुरीवर? द्राक्षाला चालतंय का निस्त्या डाळिंबालाच?"

"अहो, ते खायचं आहे," सर म्हणाले.

क्लार्क ताडकन उभा राहिला. "खाऊ नका, मास्तर! काय असंल ते बसून बोलू. घरी काय झालंय का?" त्याने सरांना खुर्चीत बसवलं, पाणी दिलं आणि घाईघाईने आत साहेबांकडे नेलं. साहेब सज्जन होते. त्यांनी अर्ज पूर्ण वाचला, चष्मा काढला आणि विचारलं, "पंधरा लिटरच्या पंपाला किती मिली?"

सरांनी आपल्या नोकरीत अनेक अपमान गिळले होते, पण मराठीच्या शिक्षकाला औषधविक्रेता समजलं जाणं हे नवीन होतं. ते ताठ उभे राहिले. "साहेब, मंचुरियन हा खाद्यपदार्थ आहे. कोबीचा होतो. लोक तो आवडीने खातात."

"तुम्ही खाल्लाय?"

खरं तर त्यांनी खाल्ला नव्हता. रस्त्यावर उभं राहून खाणं शिक्षकाला शोभत नाही, आणि घरी कुणी केला नव्हता.

"मग नमुना आणा," साहेब म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सर पुन्हा एसटीत बसले. खाजाने पहाटे उठून बनवलेला ऐवज मांडीवर कडीच्या डब्यात होता. कडी पक्की होती, पण एसटी तिच्याहून पक्की निघाली. एका मोठ्या खड्ड्यात झाकण उचकटलं आणि काळा रस्सा सरांच्या पांढऱ्याशुभ्र विजारीवर सांडून सावकाश गुडघ्याकडे निघाला.

शेजारच्या फेटेवाल्या आबांनी खाली वाकून बघितलं. "गुरुजी, इंजनाचं ऑइल न्यायला असला डबा चालत न्हाय. त्याला क्यान लागतं."

"ऑइल नाही, आबा. सोया सॉस आहे."

"सोयाबीन व्हय? आमच्याकडं बी लावलं हुतं गेल्या साली. लय काळं पडलं." आबांनी सहानुभूतीने स्वतःचा टॉवेल दिला. इंदापूर येईपर्यंत ते सोयाबीनवरच्या रोगांबद्दल बोलत राहिले आणि सर मान डोलवत राहिले. विजारीवरचा डाग तोवर वाळून तालुक्याच्या नकाशासारखा दिसायला लागला होता.

कचेरीत डबा उघडला. आल्या-लसणाचा आणि त्या परक्या सॉसचा वास फायलींवरून फिरत फिरत भिंतीपर्यंत गेला. आधी शिपाई आला. मग कालचा क्लार्क, मग शेजारच्या खोलीतला क्लार्क. साहेब आतून बाहेर येईपर्यंत नमुन्याचा नमुना उरला होता.

"लय झ्याक झालीया ओ," शिपाई बोटं चाटत म्हणाला. "तिखट हाय, पर ग्वाड बी लागती."

"संपला?" शेजारच्या खोलीतला क्लार्क म्हणाला. "मला एकच मिळाला की!"

साहेबांनी उरलेला एक गोळा तोंडात टाकला, डोळे मिटले आणि उघडले. "हे मुलांना फार आवडेल," ते म्हणाले. "हे घरी न्यायला पाहिजे."

सर डागाच्या विजारीवर दोन्ही हात ठेवून उभे होते. एकाच खोलीत, एकाच डब्यातून, एकाच वेळी मंचुरियन बाई झाला, बुवा झाला आणि दोन्ही नाही असाही झाला. कुणालाही काही खटकलं नाही. कुणीही दुसऱ्याला सुधारलं नाही. "साहेब, 'हे' नव्हे, 'हा'," असं म्हणायला त्यांनी तोंड उघडलं, पण साहेबांनी भरल्या तोंडाने "बसा, बसा" केलं आणि ते बसले.

"आता परवानगीचं," सर थोड्या वेळाने म्हणाले.

"कसली?" साहेबांनी रुमालाने ओठ पुसले. "खाण्याचीच वस्तू आहे ना? मग आमचा काय संबंध? आमच्याकडे औषधं येतात. तुमच्या ग्रामसेवकांनाच सांगा."

सरांनी डबा पुसून बंद केला. दोन खेपा, एक रजा आणि एक विजार खर्ची घालून ते जिथे होते तिथेच परतले होते. पण आप्पासाहेबांसमोर उभं राहताना त्यांनी आवाज असा लावला की जणू खलिता आणला आहे. "इंदापूरच्या साहेबांनी स्वतः खाल्ला. काहीही हरकत नाही म्हणाले."

"सायबांनी खाल्लं?" आप्पासाहेब म्हणाले. "मग मी कोण अडवणार?" त्यांनी सही ठोकली, शिक्का मारला आणि हळूच विचारलं, "डब्यात काय उरलंय का?"

मोळीच्या दिवशी दुपारपासूनच खाजाच्या गाड्याभोवती माणसं जमली. निम्मी खायला आली होती आणि निम्मी बोर्डाचा निकाल ऐकायला. भिमाने तो पिसारा फुललेला शब्दच पांढरा रंग मारून बुजवून टाकला होता. आता 'मंचुरियन'च्या अलीकडे कोरी जागा होती आणि भिमा स्टुलावर लाल रंगाचा डबा घेऊन उभा होता.

"आता सरांच्या तोंडातनं निगंल त्यो शब्द लिहिणार," त्याने जाहीर केलं. "एकदा लिहिला की झालं. फुन्ना पुसणार न्हाय."

सर आले. विजार धुतलेली होती, पण नकाशाची सीमारेषा अजून दिसत होती. बरोबर मनिषाबाई होत्या. सरांनी रात्रभर विचार करून भाषण बांधलं होतं. परभाषेतून आलेल्या शब्दांचं लिंग कसं ठरतं, तिथून ते सुरू होत होतं आणि 'ताजा'च्या कान्यावर संपत होतं. त्यांनी घसा साफ केला. करिमाने पदर सावरला. खाजाने जाळ मोठा केला.

"मास्तर," सर्जेराव गर्दीतून पुढे येत म्हणाले, "भाषण करा, आमी ऐकतो. पर एक सांगा, तुमी खाल्लंय का?"

सगळे सरांकडे बघायला लागले. इंदापूरचा प्रश्न भवानीनगरात पोचला होता.

"आज खाणार आहे," सर म्हणाले. "सर्वांसमक्ष."

खाजाने कढईतून थेट एक गोळा प्लेटमध्ये काढला आणि वर रस्सा ओतला. "सर, जरा दमानं," तो म्हणाला. पण एवढी माणसं बघत असताना फुंकर मारत बसणं सरांना बरं दिसेना. त्यांनी अख्खा गोळा उचलला आणि तोंडात टाकला.

वरचा रस्सा बरा होता. आतला कोबी मात्र चुलीचा सगळा राग पोटात घेऊन बसला होता. सरांनी दात लावले आणि तो राग बाहेर आला. डोळ्यांपुढे सगळं लाल झालं. थुंकावं तर समोर अख्खं गाव, त्यात चार आजी विद्यार्थी आणि कितीतरी माजी. गिळावं तर घसा नको म्हणत होता. सरांनी दोन्ही हात वर केले, तोंडाचा चंबू केला, आत वारा ओढला आणि इतक्या वर्षांची कमावलेली भाषा बाजूला सारून घरातली भाषा वर आली.

"गरम!" सर ओरडले. "आयोयो! लय गरम हाय!"

मनिषाबाई पाण्याचा तांब्या घेऊन धावल्या. सर घटाघटा प्यायले. पुन्हा प्यायले. डोळ्यांतलं पाणी बाहीला पुसून त्यांनी वर बघितलं तेव्हा सगळी गर्दी बोर्डाकडे बघत होती आणि भिमा ब्रश बुडवून स्टुलावरून उतरत होता. दिलेल्या शब्दाला तो जागला होता. बोर्डावर ओल्या लाल अक्षरांत लिहिलं होतं: गरम मंचुरियन.

सरांनी ते वाचलं. एकदा, मग पुन्हा. गरम चहा. गरम भाकरी. गरम दूध. चहा पुल्लिंगी, भाकरी स्त्रीलिंगी, दूध नपुंसकलिंगी आणि गरम आपलं जिथल्या तिथं. कुणाच्याही पुढे उभं केलं तरी न वाकणारं विशेषण. दर जूनमध्ये ते फळ्यावर लिहून शिकवत होते. आणि तरी त्यांनी अख्ख्या गावाला काना-मात्रेवरून झुंजवलं होतं! गाव हसणार, असं त्यांना वाटलं, आणि हसायला सुरुवात होण्याआधी जे करायचं ते केलं पाहिजे हेही वाटलं.

ते सावकाश सरळ झाले. तांब्या मनिषाबाईंच्या हातात दिला.

"अविकारी विशेषण," ते खणखणीत आवाजात म्हणाले. "तो म्हणा, ती म्हणा, ते म्हणा, गरम बदलत नाही. कुणाचंच चुकलं नाही. याला म्हणतात व्याकरण."

सर्जेरावांनी मान तिरकी करून हे बोलणं तोललं. "मग आधीच का न्हाय सांगितलं?"

"चाखल्याशिवाय कसं सांगणार?" सर म्हणाले. जीभ अजून बधिर होती, म्हणून 'सांगणार' जरा जाडंच निघालं, पण ते ठासून निघालं.

मान सरळ करून सर्जेराव म्हणाले, "व्हय, ते बी खरंच." पहिली प्लेट त्यांनीच घेतली. मग माणसांनी गाड्याला असा वेढा घातला की कोबी संपला, आणि करिमाला गिरणीवाल्या बायकांच्या घरोघरी कोबी मागायला जावं लागलं. ज्यांनी दिला त्या मागोमाग स्वतःही आल्या.

हंगाम ऐन भरात आला. पुण्याकडचे पाहुणे आले की भवानीनगरची माणसं त्यांना आपणहून खाजाकडे न्यायला लागली. असंच एका संध्याकाळी सर आणि मनिषाबाई फिरून येत होते. रस्त्याकडेला ट्रॅक्टर उभे होते, उसाचा आणि मळीचा वास सुटला होता. एक ड्रायव्हर ट्रॅक्टरवरून न उतरताच हाकारत होता, "खाजाभाई, चार मंचुऱ्या दे रं! दोन सुक्या!"

सर थबकले. मंचुरी, मंचुऱ्या. नदी, नद्या. सुरी, सुऱ्या. तो शब्द कुठल्या मुलखातून कुठून कुठे फिरत आला होता कुणास ठाऊक, पण अनेकवचन करायची वेळ आली तेव्हा त्याने एकही चूक केली नव्हती. ट्रॅक्टरवाल्याने शेवट छाटला, मराठी बाईचं प्रत्ययाचं लुगडं नेसवलं आणि कुणाला न विचारता कामाला लावला. सरांना विचारायला कुणी आलं नव्हतं. याचं वाईट वाटेल म्हणून त्यांनी जरा वाट बघितली, पण तसं काही वाटलं नाही. उलट, हुशार विद्यार्थ्याचा पेपर तपासताना लाल पेन उचलावंच लागू नये, तसं बरं वाटत होतं.

ते गाड्यापाशी गेले आणि उभे राहिले. रस्त्यावर, सगळ्यांच्या देखत.

"आमाला बी दोन मंचुऱ्या दे, खाजा," ते म्हणाले. "त्यातली एक सुकी."

मनिषाबाईंनी त्यांच्याकडे बघितलं. "का हो? तो मंचुरियन होता ना?"

"पुण्यात असेल तो," सर फुंकर मारत म्हणाले. "भवानीनगरात ती."